खाली किती

पडेल कँटीनच्या अलीकडे, चिऱ्याच्या खाणीला टेकून
जयवंत मेस्त्रीचं गॅरेज.
मी म्हटलं, तीन इंच उचला.
शिरगावच्या पोरांच्या जीप बघा,
बंपर छातीला लागतो.

तो काही बोलला नाही.
पुढचं उजवं चाक जॅकने उचलून खाली एक चिरा सारला,
मग दुसरा, मग तिसरा.
जीप कलली, कण्हली.
मागच्या डाव्या टायरखाली
त्याने पेपरचं पान सरकवलं
आणि ओढलं.
अलगद आलं हातात.
भरती-ओहोटीच्या वेळा, कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा,
पानाला एक सुरकुती नाही.

"उंची व्हयी तुका?
चाक वर जाता तां सगळ्यांका दिसता.
खाली किती जाता, तां बघ."

मग विचारलं, भरतस काय गाडीत?
आंबो.
"मगे पाटो इतको कडक कित्याक?"

सहातला एक पाटा त्याने काढूनच टाकला,
भंगारात फेकला, घंटेसारखा वाजला.
उरलेल्यांच्या मध्ये ग्रीस.
शॅकल लांब, शॉकअप लांब,
ब्रेकची नळीसुद्धा वीतभर लांब,
नायतर चाक उतरतला नि नळी तुटतली, म्हणाला.
उंची वाढली दीड इंच.
बिल तीन इंचाचं.
मी घुश्शातच गिअर टाकला.

त्या रात्री चाळीस पेट्या.
सड्यावरून खाडीकडे उतरणारी वाट,
जांभ्याच्या कातळात पाण्याने कोरलेला तो चर,
जिथे दर खेपेला एक चाक हवेत गरगरायचं
आणि पेट्या एकमेकींवर आदळायच्या.
डावा दिवा मिणमिणता.
क्लच अर्धा दाबून, श्वास धरून थांबलो.

मागचं चाक उतरलं.
अंधारात विहिरीची पायरी
पायाने चाचपावी तसं,
अजून खाली, अजून जरा,
मग टेकलं.
सीटखाली नुसती एक हलकी कूस बदलल्यासारखी हालचाल.

काचेतून मागे पाहिलं.
दिलबहादूर, आमचा राखणदार,
याच वळणावर नेहमी बॅटरी घेऊन
आधीच उडी मारायचा.
पेट्यांवर गाल टेकून तो घोरत होता,
पेंढ्याचा एक तुकडा ओठाला चिकटलेला.

बंपर अजून गुडघ्याच्या जरासा वर.
शिरगावच्या पोरांना सांगायचं काय,
ते जेटी येईपर्यंत सुचलं नाही.