वेलांटी

डॉक्टरीणबाई कन्नडात सुरू करतात,
मधेच माझं तोंड बघून मराठीत येतात.
"सूज आहे हो. पायाला नव्हे, आत.
आग विझली तरी रक्त घंटा बडवतच राहतंय.
जनुकात एक अक्षर इकडचं तिकडं, बस्स.
धोका वाढतो. ठरलेलं असं काही नसतं."

अक्षराचं मला सांगताय होय, बाई?
तीस वर्षं खडेबाजारात पाट्या रंगवतोय.
गावाच्या नावाला एक वेलांटी वाढली
त्या साली दोन महिने
जेवायला फुरसत नव्हती.

थोरला परशराम,
अनगोळच्या चढावर, सायकलीसकट.
मधला भरमा फाउंड्रीत,
डबा उघडायचाच राहिला.
वडलांचं वय कुणी लिहूनच ठेवलं नाही.
आम्ही म्हणायचो, बिडी.
आई म्हणायची, यल्लम्माचं काहीतरी फेडायचं राहिलंय.
बिडी होतीच की. ती काय खोटी नव्हे.

रंग ओला असला
तर टर्पेंटाइनच्या चिंधीनं चूक निघते.
ही तर आज्याच्याही आधी वाळलेली.

रिपोर्ट डाव्या खिशात ठेवला. मग उजव्या.
"मुलीचंही रक्त बघू या," बाई म्हणाल्या होत्या.
ते अजून घरात बोललो नाही.

पहाटे पाचला तेजू बूट बांधत होती,
पोलीस भरतीची तयारी.
म्हटलं, थांब, मीबी येतो, कोपऱ्यापर्यंत.
ती काही बोलली नाही.
कोपरा गेला.
चढ लागला तिथं
ती आपणहून सावकाश झाली.