रुमालातल्या किल्ल्या

पहिल्या बुधवारी माझ्या हातून किल्ल्या पडल्या.
एक स्कूटीची, एक कपाटाची, एक शाळेच्या कुलपाची,
अन् लेकाने जत्रेतून आणलेली पितळी घंटी.
फरशीवर एवढासा आवाज.
गोल करून बसलेल्या अठरा जणांच्या माना
एकदमच खांद्यात गेल्या.
एक जण उठला, भिंतीकडे तोंड केलं,
कुणी न सांगता दोन्ही हात वर.

श्वास कसा घ्यायचा, पाय जमिनीवर कसे टेकवायचे,
सगळं घरून पाठ करून आले होते मी.
विसरले.

तेव्हापासून किल्ल्या रुमालात बांधून नेते,
घट्ट गाठ मारून, हळकुंड बांधावं तशी.

वच्छलाताई गुन्हा विचारत नाही.
विचारते, झोप लागते का?
कुणी म्हणतं, बत्तीच बुजत नाही मॅडम,
डोयावर दुपट्टा बांधतो.
कुणी म्हणतं, झोपीत मी लाथा मारतो म्हणे, मले मालूम नाही.
मग बराच वेळ कुणीच काही म्हणत नाही.
ताई ती शांतता उचलत नाही जागेवरून.
मला मात्र शाळेची सवय,
कुणी गप्प बसलं की खडू हातात घ्यावासा वाटतो.

भिंतीकडे उभा राहणारा तो देवमन.
चार महिन्यांनी बोलला, तेही चपलेकडे पाहून:
बाप गोठ्यात बांधे. बैलाची साखयी.
बाहेरून कडी लावे अन् निंगून जाये.
मंग थांबून, स्वतःशीच:
म्याही हेच केलं असतं पोराले.
बरं झालं, पोरगंच नाही झालं.

ज्याला मारलं त्याचं नाव
देवमनने अजून घेतलेलं नाही.
आम्ही घाई करत नाही.
विसरलेलोही नाही.

अकरा वर्षांनी सुटला तेव्हा
गेटाबाहेर येऊन गेटाकडेच तोंड करून उभा.
दारव्ह्याला गाडी बदलली.
एसटीच्या दाराशी तो थांबला, कुणी 'चल' म्हणायची वाट पाहत.
कंडक्टर ओरडला, चढा ना राजेहो, मुहूर्त पाह्यता का?
मागची बाई टोपली घेऊन आधी चढली.
मग तो.
खिडकीशी बसला नाही. दाराकडे पाठही केली नाही.

चिंचखेडला आम्ही आधी तीनदा जाऊन आलो होतो.
सरपंचांनी चहा पाजला अन् विषय बदलला.
न्हावी म्हणाला, येऊ द्या, दाढी करून देतो,
मान त्याची अन् वस्तरा माह्या हातात, मले कायचं भेव?
सगळे हसले. मग कुणीच हसलं नाही.
अन् शेवंताबाई, जिचा लेक गेला,
दाण्यातले खडे वेचता वेचता बोलली,
मान वर न करता:
राहू द्या त्याले गावात. गाव का माह्या एकटीचं हाय?
पन माह्या आंगनासमोरून जाऊ नका म्हना.

म्हणून आम्ही नाल्याच्या काठाने आलो,
बाभळीतून, तुराट्यांच्या ढिगामागून.
फेरा पडतो, अर्धा कोस.
हाच आता त्याचा रोजचा रस्ता.
वहीत मी लिहिलं: रस्ता ठरला.
त्याखाली लिहावंसं काही सुचलं नाही.

घराशी आलो.
दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली,
जुन्या हिरव्या लुगड्याची, वर सुतळीचे तीन वेढे.
आम्ही सांगितलं नव्हतं.
किल्ल्यांचं तर वच्छलाताईशिवाय कुणालाच माहीत नाही.
मी त्याच्या आईकडे पाहिलं.
ती म्हणाली, त्याचा बाप जित्ता होता तवाच गुंडायाची होती.
अन् चुलीकडे वळली.

दार उघडं. देवमन बाहेर.
'ये' कुणीच म्हणालं नाही,
ना आई, ना ताई.
मी जीभ दाताखाली धरली.
शेळी आत गेली, पीठ हुंगून बाहेर आली.
भाकरीचा वास आला, मग करपल्याचा.

साडेचारच्या गाडीचा भोंगा वाजला तेव्हा
त्याचा एक पाय उंबऱ्यावर होता.

गाडीत रुमाल सोडायला गेले.
गाठ इतकी बसली होती की
नखाने सुटेना.