झाकली मूठ

कुत्रा बहिरा आहे हे आम्हांला तिसऱ्या दिवशी कळलं.
तोवर वडील त्याला त्याचं नाव शिकवत होते.
टुह्क. टुह्क. म्हणजे राख;
थंड चुलीतल्या राखेच्याच रंगाचा तो.
मग माझ्या हातून बिडाचं झाकण फरशीवर आपटलं,
मांजर एका उडीत कपाटावर,
आणि हा पाठमोरा झोपलेला,
पोट संथ, वर-खाली.

"बरं झालं," वडील म्हणाले,
"मलाही बोलायचा कंटाळाच आहे."

हेल्टरमाच्या धक्क्यावर चाळीस वर्षं
फेरीबोटीच्या पोटात गाड्या लावल्या त्यांनी,
इंजिनांच्या गदारोळात, नुसत्या हातांनी.
अजून पुढे. डावीकडे. बास.
कार्डलातला निम्मा गाव त्या हातांकडे बघत
इंच इंच मागे सरकलाय.
तेच हात आता स्वयंपाकघरात:
उभा पंजा, थांब.
छातीकडे ओढलेली बोटं, ये.
आणि मूठ, तिच्यात चीजचा तुकडा: बैस.
मूठ उघडायची ती तो बसल्यावरच, आधी नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची;
टुह्कच्या हिशेबात त्याहून थोडी जास्त.
रात्री अंगणातून परत बोलवायला
ओसरीचा दिवा दोनदा लुकलुकवायचा.
समोरच्या लेम्बित काकू विचारायच्या,
"हेल्डुर, वायरिंग बिघडलंय का?"

मांजरीचं नाव प्रोउआ, म्हणजे बाईसाहेब.
वय चौदा. तिला कोणी काही शिकवलेलं नाही.
दोन आठवडे दार फटीएवढं उघडं ठेवलं,
ह्याची गोधडी तिच्या टोपलीत, तिची ह्याच्या जागेवर.
पंधराव्या दिवशी ती बाहेर आली
आणि जन्मभराचा सगळा फिस्कार
एका दमात त्याच्यावर ओतला.
तो शेपूट हलवत राहिला.
एवढा जपून ठेवलेला आवाज, आणि त्याची ही किंमत!
तिने क्षणभर आमच्याकडे पाहिलं,
जणू दोष आमचा,
मग पुढे होऊन, नख्या आत ठेवून,
त्याच्या नाकावर एकच चापट दिली.
ती खूण त्याला पहिल्याच खेपेला समजली.
आम्हांला "बैस"ला नऊ दिवस लागले होते.

पुढच्या हिवाळ्यात वडिलांचा उजवा हात थरथरू लागला.
आधी चमचा, मग बटणं.
मग एका संध्याकाळी "थांब"चा पंजा
हवेत असा हलला की तो "ये" झाला,
मग "ये" नाही, "झोप" नाही, काहीच नाही.
टुह्क बसला, उठला, दोन पावलं आला,
लोळला, पुन्हा बसला,
येत होतं ते सगळं करून दाखवलं त्याने
आणि भुंकला, एकदाच,
स्वतःला न ऐकू येणारं.

त्यानंतर आठवडाभर वडिलांचे हात कोटाच्या खिशात.
घरात, चुलीपाशीही कोट.
मी म्हटलं, डाव्या हाताने शिकवू, मी मदत करते.
"मारिका," ते म्हणाले, "चहा दे."
चहाही त्यांनी प्यायला नाही. प्यायचा तर हात काढावा लागला असता.

आठव्या दिवशी काय झालं ते मी नीट पाहिलेलं नाही.
मी बटाटे सोलत होते.
वळले तेव्हा हात बाहेर होता, मांडीवर,
झाडावर उरलेल्या पानासारखा हलत,
आणि कुत्रा येऊन त्यांच्या पावलांवर
सगळं वजन टाकून पडला होता.
"तू सांगितलंस त्याला?"
"मी काहीच सांगितलं नाही."

मी दोनदा करून पाहिलं, गुपचूप,
उजवा हात मुद्दाम थरथरवून.
टुह्कने नुसतं पाहिलं,
मग तोंड फिरवलं.

हात थांबत नाही. गोळ्यांनी थोडा, त्याने मुळीच नाही.
पण आता तो हलला की कुत्रा येतो,
चीज नको, मूठ नको,
आणि वडील पायांना मुंग्या येईपर्यंत बसून राहतात,
उठायची खूण आम्ही कधी ठरवलीच नव्हती.

ती बाईसाहेब ठरवते.
पहाटे साडेचारला कपाटावरून उतरते,
कुत्र्याच्या पाठीवरून चालत
वडिलांच्या छातीवर जाते, हनुवटीवर पंजा ठेवते,
आणि आम्ही तिघं उठतो.