सात नंबर

"इंजिन किती वर्षं टिकतं?"
रासा विचारते. हेल्मेट अजून डोक्यातच,
आवाज रांजणातून आल्यासारखा.

ग्रिम्सबीच्या गोदीमागचं हे आवार.
बंद पडलेल्या बर्फ-कारखान्याची फरशी, तीवर नारिंगी शंकू,
वाऱ्याला मासळीचा वास,
आणि सव्वाशे सीसीच्या चार गाड्या,
पाठीवर लाल 'एल', म्हणजे शिकाऊ.
मी नेव्हिल. शिकवायचं काम हेझलचं.
मी फक्त गाड्या जगवतो.

सात नंबर बघ, मी म्हणतो.
एक्केचाळीस हजार मैल. त्यातले कितीतरी
इथेच, पहिल्या गिअरमध्ये, गोल गोल.
घाण्याचा बैल निदान उभा तरी असतो,
ही रोज दोनदा आडवी होते.
उजवा आरसा फोडला एका मुख्याध्यापकानं.
ब्रेकची दांडी वाकवली जुळ्या बहिणींनी, एकाच दुपारी.
टाकीवरचा पोचा एका पाद्र्याचा,
पडताना तो काय बोलला
ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पण पडल्यानं इंजिन मरत नाही.
मरतं ते तहानेनं.
हिच्या पोटात तेल मावतं लिटरभर,
दुधाच्या दोन बाटल्यासुद्धा भरत नाहीत.
तेवढ्यावर मिनिटाला नऊ हजार फेरे,
मागून लॉरी भोंगा वाजवतेय
आणि नवशिकं मनगट पिळत राहतं, पिळत राहतं,
भीतीनं.
मोठी इंजिनं आळस करू शकतात.
हे बिचारं रोज जीव तोडूनच चालतं.

ती मान हलवते. किती कळलं, देव जाणे.
तिची पाळी पहाटे पाचला, पहिली बस सहाची.
तिला गाडी हवी होती, प्रवचन नको होतं.

दाखला मिळाला, तिनं गाडी घेतली.
निळी, चकचकीत, कुणा पोराकडून, साडेचारशे पौंडांत.
नऊ हजार मैल फक्त!
जूनमध्ये ढकलत घेऊन आली.
तेलाची काच कोरडी ठणठणीत.
खालचा बोल्ट काढला, तर काकवीसारखं काहीतरी
ओघळलं, अर्धी वाटी,
आणि त्यात चमक, बारीक, रुपेरी, दिसायला सुंदर.
"हे काय आहे?"
"तुझी गाडी," मी म्हणालो.

ती रडली नाही. तिनं बाह्या सारल्या.

तीन शनिवार.
मोडीत काढलेल्या चार नंबरचं इंजिन, एकाच जातीचं.
मी बोलत होतो, ती करत होती.
व्हॉल्व्हच्या फटीत पोलादी पट्टी सरकवायची,
केसाहून जरा जाड,
सैल नको, घट्ट नको,
ओढताना किंचित धरली पाहिजे.
किंचित म्हणजे किती,
हे मी बावीस वर्षं पोरांना सांगतोय
हातवारे करून, शिव्या देऊन.

तिनं पट्टी ओढली. थांबली.
पुन्हा ओढली, डोळे मिटून.
"हॅडॉकचा काटा उपटताना," ती म्हणाली,
"मांस जेवढं धरतं, तेवढंच ना?"

बारा वर्षं ती काटे काढतेय,
थंडगार पाण्यात, दोन दोन हातमोजे घालून.

मी तिची पट्टी घेऊन स्वतः ओढून बघितली.
तेवढंच.

आता हजार मैल झाले की ती येते,
जुनं तेल पिंपात ओतायला.
वहीत लिहिते लिथुआनियन भाषेत. मला वाचता येत नाही,
आकडे तेवढे ओळखीचे.
तारीख. मैल. तेल. साखळी किती सैल.
एका पानावर मासळीच्या पाण्याचा डाग.

काल एक नवा पोरगा, हेल्मेटचा पट्टा उलटा,
विचारत होता, इंजिन किती वर्षं टिकतं.
रासा उकिडवी बसून बाहीनं तेलाची काच पुसत होती.
मी म्हटलं, तिला विचार.
तिनं वर न बघता विचारलं,
"कुणाकडे?"

पोरगा काही बोलणार, तेवढ्यात मागे
सात नंबर पुन्हा आडवी झाली.