स, ला, ते

बर्नलीत रात्रपाळीच्या पहिल्याच आठवड्यात
विनिफ्रेड हॉल्गेट, वय एक्क्याण्णव, खोली नंबर सात,
चष्म्याकडे बोट करून मला म्हणाली,
गिव्ह इट मी.

मी थबकले.
माझ्या व्याकरणाच्या पुस्तकात हे वाक्य नव्हतं.
तिथं होतं, मध्ये टू घालून, शिस्तीत,
गिव्ह इट टू मी.

मंगळवारी लायब्ररीतल्या वर्गात विचारलं.
मिसेस प्रेंटिस केंटच्या की कुठल्याशा,
पेन खाली ठेवून म्हणाल्या,
इथले लोक म्हणतात तसं. तुम्ही परीक्षेत म्हणू नका.
टू खाऊ नका.
मी वहीत लिहिलं, टू खाऊ नये.
आणि खाली, का कोण जाणे, स, ला, ते.

मगदूम सर आठवले.
इचलकरंजी, नगरपालिकेची शाळा, तापलेला पत्रा,
शेजारच्या शेडात चोवीस माग खडखडताहेत
आणि सर त्यांच्यावर ओरडून विभक्त्या म्हणवून घेताहेत,
द्वितीया, स, ला, ते. चतुर्थी, स, ला, ते.
सर, दोन्हींत तेच कसं?
अर्थ बघायचा, पोरी.
वाघानं शेळीला खाल्लं. आईनं शेळीला पाला दिला.
ला एकच. फरक शेळीला विचार.

विनिफ्रेड मागावर होती, पंधराव्या वर्षापासून.
हे तिनं सांगितलं नाही, ओठांनी केलं,
आवाज न काढता, मोठाले ओठ हलवून.
त्या गदारोळात ऐकू कुणाला येणार?
बायका अशाच बोलायच्या, या टोकाहून त्या टोकाला.
त्याला मी-मॉ म्हणायचे.
माझा बाप जेवताना मीठ असंच मागायचा,
नुसत्या ओठांनी. घरात माग नव्हता तरी.

मला वाटलं, तो टू तिथंच पडला असेल,
कुठल्याशा शेडात, कापसाच्या धुळीत,
आणि वाकून उचलायला कुणाला वेळ झाला नसेल.
जाणकार हसतील. हसू देत.
गिव्ह इट मी.
दे की ते मला.
आमच्याकडे असंच म्हणतात, की लावून.
की नसली तर तो हुकूम होतो.

नाताळानंतर तिचे शब्द गळायला लागले.
आधी प्लीज गेलं. तसं ते फारसं नव्हतंच.
मग इट.
चष्मा, कवळी, पाणी, खिडकी, सगळ्याला नुसतं गिव्ह मी,
आणि मी खोलीभर अंदाज बांधत हिंडायचे.
फेब्रुवारीत गिव्हही गेलं.
उरलं एकच, पहाटे साडेतीनच्या सुमारास,
मी.
मी.

तिच्या भाषेत ते मला.
माझ्या कानात मात्र ते मी.
देण्याचं क्रियापद नाही, द्यायची वस्तू नाही,
चतुर्थी आपली उठून
प्रथमेच्या खुर्चीत जाऊन बसलेली.
मी पलंगाच्या कडेला टेकले. म्हटलं, हो, मी.
काय देऊ, हे विचारलं नाही.
हात हातात होता. कुणी कुणाला धरलं होतं
ते मगदूम सरांनाही सोडवता आलं नसतं.

तक्त्यावर भरावं लागतं, काय दिलं, किती, किती वाजता.
लिहिलं, ३.४०, पाणी, दोन चमचे. एक परत आला.
कुणाला, असा रकाना त्यात नाही.
नाव वर एकदाच छापलेलं असतं,
मग पुढच्या महिन्यात तो कागद येत नाही.

मार्चात माझी तोंडी परीक्षा झाली.
बाईंनी टेबलावर पेन्सिल ठेवली, म्हणाल्या, मागा.
मी टू घातला.
पास झाले.

कालव्याच्या कडेनं चालत घरी येत होते.
ओठ हलत असावेत माझे.
समोरून कुत्रं घेऊन येणारा म्हातारा थांबला,
त्याला वाटलं, त्याला म्हणतेय.
ऑरायट, लव्ह, म्हणाला.