समोरची बारी

द्वारकावैनीचा फोन आला तेव्हा मी
देवळाच्या दाराची चौकट तासत होतो.
"मेस्त्रीबुवा, पेटी घेऊन येवा.
हेंका भांडूक कोणतरी होया."

कुबलबुवाशी मी अठ्ठावीस वर्षं बोललो नव्हतो.

कुडाळहून एक मुलगी येते म्हणे देवबागला,
दर गुरुवारी. किमया नाव. म्युझिक थेरपी करते.
तिच्या फॉर्मात एक रकाना होता: आवडती गाणी.
वैनीने लिहिलं, "स्वतः म्हटलेली."
मुलीने कानाला यंत्र लावलं,
आत बासरी, आत लाटा.
ज्याच्या घराच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी
त्याला लाटांची रेकॉर्ड!
बुवाने यंत्र काढून
ताज्या बांगड्यांच्या टोपलीत टाकलं.

मी गेलो. दया आली म्हणून गेलो असं कोणी समजू नये.
आचऱ्याच्या डबलबारीत, रात्री अडीच वाजता,
अख्ख्या पंचक्रोशीसमोर
याने मला सवाल घातला होता:

सेतू बांधला रामाने, बुवा,
दगडाला दगड लागला,
खालच्या माशांनी मग
कुठचा रस्ता धरला?

मी सुतार. मला लाकूड ठाऊक. मासा फक्त ताटात.
पेटीवर हात ठेवून बसून राहिलो.
पखवाज थांबला. कोणीतरी शिट्टी मारली.
तेव्हापासून पोथ्या चाळल्या, कीर्तनकार गाठले,
नाशिकच्या एका शास्त्र्याला जोडकार्ड टाकलं.
म्हटलं, आता तरी हाच सांगेल,
विसरायच्या आत.

खुर्चीत बसलेला माणूस
लुंगीच्या टोकाला गाठ मारत होता,
सोडत होता, मारत होता. जाळ्याची गाठ.
मुलगी हळूच म्हणाली, "काका, काहीतरी शांत वाजवा."

शांत!
मी काळी चार धरली,
आणि याच्या बापाच्या फुटक्या होडीवर
आचऱ्याला जी कोटी सुचायला हवी होती
(सुचली परतीच्या एसटीत)
ती म्हटली, अठ्ठावीस वर्षांच्या व्याजासकट.

गाठीवरचा हात थांबला.
मान वर आली. डोळे अजून खालीच.
मग मांडीवर बोटं: धा दिं ता, धा दिं ता.
मग खाकरला. मुलगी घाबरून पाणी आणायला उठली.
बस गो, म्हटलं. हे खाकरणं मला पाठ आहे,
समोरच्याला गिळण्याआधीचं.

आवाज आला. फाटका, वाळू अडकलेला,
पण बरोब्बर समेवर:
"सुतारबुवा, पेटीत तुमच्या
सूर किती, वाळवी किती?"

वैनी किसणी हातात घेऊन दारात आली.
सकाळी त्याने तिला विचारलं होतं,
तू कोणाचा चेडू गो?

मग सवाल आलाच. शब्द न शब्द.
सेतू, दगड, मासे.
आणि उत्तराच्या जागेवर नुसती चाल.
ओठ हलतात, चाल पुढे जाते, आत काही नाही.
भुवया वर करून तो माझ्याकडे बघायला लागला.
सांग ना.
दोघेही अडलो तिथेच, एकाच खडकावर,
भात्यातली हवा संपेपर्यंत.

"हरलो, बुवा," मी म्हटलं.
तो हसला. कवळी लावली नव्हती,
तरी मग्रुरी होती तीच, आचऱ्याची.
मुलीने वहीत लिहिलं: बावीस मिनिटं.

तेव्हापासून गुरुवारी जातो.
काही गुरुवारी तो खाकरतच नाही,
मी एकटाच त्याची खानदान काढून परत येतो.
एकदा रडला. एकदा पेटीवर चहा ओतला,
कोमल निषाद अजून चिकटतो.

गेल्या खेपेला पायात चपला घालत होतो,
तर मागून, पाहुण्याला विचारावं तशा अदबीने:
"तुमी खंयचे?"
"समोरच्या बारीचो."
"मगे असे उठलास कित्याक? बसा.
तुमची पाळी आसा."

चपला काढल्या.