ओहोटीची वेळ

फाल्गुनातली दुपार, अंजनवेल.
बाबांच्या जाळ्यांच्या खोपीत
इरावतीने तीन चटया घातल्यात.
दार मुळातच बुटकं.
जाळं पाठीवर घेऊन बाबा इथून वाकून शिरायचे
तेव्हा त्याला कुणी नम्रता म्हणत नसे.

आज वाकून आल्या चितोसेबाई,
दापोलीला भातावर संशोधन करणाऱ्याची बायको,
मागून त्यांचे पाहुणे ओकाबे,
साठी उलटलेले, गुडघ्याला पट्टा.

तीन माणसं, चहाची तीन घराणी.
इरावती कोबेत सात वर्षं शिकली: आत येताना उजवा पाय.
चितोसेबाईंकडे डावा.
ओकाबेंच्या आजीचं म्हणणं, खांबाजवळ असेल तो.
खोपीत खांब एकच, मधोमध,
म्हणून ओकाबे दारातच जरा थबकले.

मला, तिच्या भावाला, एवढंच बजावलेलं:
कोळसे फुंकायचे नाहीत,
खोकला आला तर बाहेर.

भिंतीवर सुलेखनाची गुंडाळी हवी होती.
ती कुठून आणणार?
बंदराच्या कचेरीतलं भरती-ओहोटीचं कोष्टक टांगलं.
पाहुण्यांनी त्यापुढे हात टेकले, मान लववली.
आजच्या तारखेवर माझी पेन्सिलीची फुली.

सुरंगी नको, वास चहावर चढतो.
पांगाऱ्याची एक डहाळी, काट्यांसकट.
आधी फणसपोळीचे चौकोन.
‘दाताला चिकटते हां,’ मी म्हणालो
आणि इरावतीने डोळे वटारले.

मग तिने डबा उघडला.
बांबूची इवलीशी रवी,
कोबेहून जपून आणलेली,
खाऱ्या हवेनं बुरसलेली.
कुणी काही बोललं नाही.
आधणाचा आवाज तेवढा,
आणि खाडीत कुणाचं तरी इंजिन, चालू होता होता बंद पडणारं.

चितोसेबाईंनी पिशवीतून स्वतःची काढली,
धुरानं काळवंडलेल्या बांबूची, त्यांच्या घराण्याची.
दोन्ही हातांनी पुढे सरकवली
शेजारीण विरजण देते तशी,
नजर खाली ठेवून.

इरावतीच्या गुरूंचा दंडक:
फेस असा यावा की खालचं हिरवं दिसू नये.
ती घुसळत राहिली.
मनगट एकीकडचं, बांबू दुसरीकडचा,
वाडग्यात एका कडेला
कोरीएवढी जागा उघडीच राहिली.
ती कानापर्यंत लाल.

चितोसेबाई त्या जागेकडे बघत बसल्या.
त्यांच्याकडे ती मुद्दाम सोडतात,
हे मला नंतर कळलं.
दाभोळच्या तरीत शिकलेला एकच मराठी शब्द
त्या सावकाश म्हणाल्या:
‘ओहोटी.’

मला वाटलं, वाडग्याबद्दल.
ओकाबेंनी मात्र कोष्टकावरच्या फुलीकडे बोट केलं:
पाच वाजून दहा मिनिटं.

उरलेला चहा घाईत झाला.
माझ्या वाट्याला तळाचा,
कडू, खडकावरच्या शेवाळासारखा;
मी साखर मागितली नाही, हे इरावतीने पाहिलं असावं.

धक्क्यावर पाणी पार खाली गेलेलं.
दाऊद तांडेल बोटीतून ओरडत होता:
‘डावा टाका, बाय, डावा! अवो, उजवा!
ऱ्हावा, लाट येऊंद्या,
लाट देल तो पाय टाका!’

दोघंही कशीबशी पोचली.
बोट वळली, तेव्हा इरावतीने हात वर केला निरोपाला,
तिच्या मुठीत ती काळी रवी,
ओलीच.